पाहुणे गेल्यानंतर : यजमान देश आणि मानवी हक्क

शाळेत पाहुणे येणार असले की वसतिगृहात काय काय घडते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. आपल्यापैकी पुष्कळांनी ते दिवस अनुभवले आहेत. भिंतींना नवा चुना लागतो, अंगण झाडून सडा पडतो, फाटक्या सतरंज्या मागच्या खोलीत जातात आणि एरवी पातळ असणारे वरण त्या दिवशी घट्ट होते. एखादा मोठा मुलगा लहानांना बजावून ठेवतो की पाहुण्यांनी विचारले तर सगळे ठीक आहे म्हणायचे. यात वाईट हेतू असतोच असे नाही. कोणी येणार म्हणून घर आवरणे ही आपली जुनी रीत आहे. परंतु ज्या लहान मुलाची खरोखरच काही तक्रार असेल, त्याच्या दृष्टीने त्या दिवसाचा अर्थ निराळा होतो. ऐकून घेणारे कोणीतरी आले आहे आणि नेमके आजच बोलावयाचे नाही.

देशही असेच पाहुणे बोलावतात. गीतस्पर्धा, सौंदर्यस्पर्धा, चित्रपट महोत्सव, क्रीडास्पर्धा अशा निमित्तांनी जगातील लोक एखाद्या शहरात जमतात आणि कोट्यवधी लोक ते शहर घरबसल्या पडद्यावर पाहतात. यजमान देशाला त्यातून मान मिळतो, व्यापार मिळतो, ओळख मिळते. अशा वेळी त्या देशातील सामान्य माणसांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात आम्ही मांडू इच्छितो. त्यासाठी एक परदेशातील आणि एक आपल्या देशातील, असे दोन प्रसंग घेतले आहेत.

मानवी हक्क म्हणजे काय, याची उजळणी

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमात सर्व ‘मानव’ जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे म्हटले आहे. आधीच्या मसुद्यात तेथे ‘पुरुष’ या अर्थाचाही शब्द होता. तो बदलावा असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. एका शब्दाच्या दुरुस्तीने जगातील निम्मी माणसे कलमात आली, हे आपल्या विद्यार्थिनींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच जाहीरनाम्यातील तीन कलमे आजच्या विषयाशी निगडित आहेत. कोणाचीही मालमत्ता मनमानीपणे हिरावून घेतली जाऊ नये, असे १७ वे कलम सांगते. १९ वे कलम मत बाळगण्याचे व व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य देते. २० वे कलम शांततेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते. थोडक्यात, आपले घर, आपला शब्द आणि आपली सोबत. माणसाच्या या तीन गोष्टी मोठ्या सोहळ्याच्या धामधुमीत कशा सापडतात, ते आता पाहू.

बाकू शहरातील गीतस्पर्धा

कास्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर अझरबैजान हा देश आहे. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघाचा भाग होता. बाकू ही त्याची राजधानी खनिज तेलासाठी शंभराहून अधिक वर्षे प्रसिद्ध आहे. २००३ पासून तेथे इल्हाम अलियेव हे राष्ट्राध्यक्ष आहेत. त्यांच्या आधी त्यांचे वडील हैदर अलियेव त्या पदावर होते. एकच व्यक्ती कितीदा राष्ट्राध्यक्ष होऊ शकते यावर असलेली मर्यादा २००९ च्या सार्वमताने काढून टाकण्यात आली.

युरोपातील सार्वजनिक दूरचित्रवाणी संस्थांचा संघ १९५६ पासून ‘युरोव्हिजन’ नावाची गीतस्पर्धा भरवीत आला आहे. पहिल्या वर्षी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ७ देश सहभागी झाले होते. जो देश जिंकेल त्याने पुढील वर्षी यजमानपद स्वीकारावयाचे, असा तिचा सर्वसाधारण प्रघात आहे. मे २०११ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे अझरबैजानच्या गायक जोडीने ही स्पर्धा जिंकली आणि २०१२ चे यजमानपद बाकूकडे आले. त्या देशात आनंदाची लाट उसळली, आणि ती स्वाभाविकच होती. लहान देशाला जगाच्या पडद्यावर येण्याची संधी क्वचितच मिळते.

तयारी मोठ्या वेगाने सुरू झाली. समुद्रकाठी, १६२ मीटर उंचीच्या ध्वजस्तंभाच्या चौकाशेजारी, ‘क्रिस्टल हॉल’ नावाचे भव्य सभागृह एका वर्षाच्या आत उभे राहिले. संयोजन समितीच्या अध्यक्षस्थानी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मेहरिबान अलियेवा होत्या. मे २०१२ मध्ये झालेल्या स्पर्धेत ४२ देशांनी भाग घेतला. अंतिम फेरीत, मतमोजणी चालू असताना, ज्यांनी व्यासपीठावर गीत सादर केले ते गायक राष्ट्राध्यक्षांचे त्या वेळचे जावई होते. यात बेकायदेशीर असे काही नाही. तरीही सोहळा देशाचा आणि सत्ता चालविणाऱ्या कुटुंबाचा, यांतील सीमारेषा किती पुसट होती, हे त्यावरून कळते.

घरे

बाकूचे सुशोभीकरण आधीपासूनच सुरू होते. उद्याने, रस्ते, दुकानांची संकुले, उंची निवासस्थाने यांसाठी मध्यवस्तीतील घरे पाडण्यात येत होती. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेने फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या घरांच्या कहाण्या नोंदविल्या आहेत. रहिवाशांना प्रति चौरस मीटर १५०० मनात (तेथील चलन) असा सरसकट दर देऊ करण्यात आला. घर जुने की नवे, मोक्याच्या जागी की आडबाजूला, याचा त्यात विचार नव्हता. ज्यांनी नकार दिला त्यांपैकी काहींचे पाणी, वीज व गॅस तोडण्यात आले. काही इमारतींत माणसे राहत असतानाच पाडकाम सुरू झाले. ध्वजचौकाजवळच्या वस्तीचाही त्यात समावेश होता.

येथे न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ही पाडापाडी गीतस्पर्धेसाठी नाही, शहराच्या विकासाची कामे आधीपासूनच चालू आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. सभागृह मोकळ्या जागेवर उभे आहे, असे स्पर्धेच्या संयोजकांनीही सांगितले. ही विधाने अक्षरशः खरी धरली तरी प्रश्न सुटत नाही. सभागृहाच्या पायाखाली घर नसेल, पण सभागृहाभोवतीच्या परिसरात ते होते. ज्या कुटुंबाचे छप्पर गेले, त्याला ते गाण्यासाठी गेले की उद्यानासाठी, याने फारसा फरक पडत नाही. घर कायद्याने घेतले का, योग्य मोबदला मिळाला का आणि दाद मागण्याची सोय होती का, हे खरे प्रश्न आहेत.

लेयला युनुस या तेथील ज्येष्ठ मानवी हक्क कार्यकर्त्या. बेघर होणाऱ्या रहिवाशांची बाजू त्या मांडीत असत. त्यांच्या संस्थेचे कार्यालय असलेली इमारतच ऑगस्ट २०११ मध्ये बुलडोझरने पाडण्यात आली. जी व्यक्ती इतरांच्या घरांसाठी बोलत होती, तिच्याच कार्यालयाचा ढिगारा झाला.

शब्द

या स्पर्धेत प्रेक्षक दूरध्वनीने मत देतात. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, इतर कोणत्याही देशाला देता येते. २००९ साली अझरबैजानमधील ४३ जणांनी शेजारच्या आर्मेनिया देशाच्या गीताला मत दिले. नागोर्नो-काराबाख या प्रदेशावरून या दोन देशांत युद्ध होऊन गेले होते आणि वैर तसेच होते. मत देणाऱ्यांपैकी एका तरुणाला सुरक्षा खात्याने बोलावून घेतले आणि शत्रुदेशाच्या गाण्याला मत का दिलेस, अशी विचारणा केली. ही बातमी बाहेर आल्यावर संयोजकांनी नियम बदलला. मतदाराची ओळख पटेल अशी माहिती बाहेर गेल्यास संबंधित दूरचित्रवाणी संस्था जबाबदार धरली जाईल, असे ठरले. एखादे गाणे आवडणे ही किती साधी गोष्ट! पण जेथे गाण्याची आवडही पोलिसांपुढे समजावून सांगावी लागते, तेथे राजकीय मताचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. पुढे बाकूच्या स्पर्धेतून आर्मेनियाने मार्च २०१२ मध्ये माघार घेतली.

त्याच मार्च महिन्यात खदिजा इस्माइलोवा या शोधपत्रकार महिलेवर मोठा आघात झाला. त्या राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाच्या व्यवसायांविषयी लिहीत असत. लेखन थांबवावे म्हणून त्यांना धमकी आली. त्यांच्या शयनगृहात गुप्तपणे कॅमेरा बसवून केलेले चित्रीकरण त्यांना पाठविण्यात आले होते. त्या थांबल्या नाहीत, तेव्हा ते चित्रीकरण सर्वांसमोर आणले गेले. स्त्रीच्या अब्रूचा धाक दाखवून तिला गप्प बसविण्याची रीत आपल्याही समाजाला अपरिचित नाही. इस्माइलोवा यांनी धमकीची गोष्ट स्वतःच जाहीर केली आणि काम चालू ठेवले. क्रिस्टल हॉलच्या बांधकामातील एका कंपनीचे धागे सत्ताधारी कुटुंबापर्यंत जातात, असे वृत्त त्यांनी स्पर्धेच्याच महिन्यात दिले. चित्रीकरणाच्या प्रकरणात राज्यसंस्थेने नीट तपास केला नाही आणि त्यांच्या हक्कांचे रक्षण केले नाही, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. न्याय मिळाला, पण जवळजवळ सात वर्षांनी.

सोबत

बाकूतील तरुण कार्यकर्त्यांनी या स्पर्धेकडे संधी म्हणून पाहिले. रसूल जाफरोव हे त्यांपैकी एक. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकशाहीसाठी गाण्याचे आवाहन करणारी मोहीम उभारली. कलावंतांनी बहिष्कार घालावा अशी त्यांची मागणी नव्हती. या, गा, पण आमच्या देशात काय चालले आहे तेही बोला, एवढीच त्यांची विनंती होती. आम्हांला ही भूमिका विचार करण्याजोगी वाटते. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांना पुष्कळदा पाहुणा नको असतो असे नाही. त्यांना डोळे उघडे ठेवणारा पाहुणा हवा असतो.

बहुतेक कलावंत गाऊन परतले. स्वीडनच्या गायिका लोरीन मात्र बाकूतील कार्यकर्त्यांना जाऊन भेटल्या आणि तेथे मानवी हक्कांचे उल्लंघन होत असल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. यजमान सरकारला ते रुचले नाही. योगायोग असा की स्पर्धा त्यांनीच जिंकली. जर्मनीचे गुण जाहीर करताना निवेदिका अंके एंगेल्के यांनी थेट प्रक्षेपणात, निवड करता येणे ही चांगली गोष्ट आहे आणि युरोप तुमच्याकडे पाहत आहे, अशा आशयाची दोन वाक्ये उच्चारली. तेवढी वाक्ये त्या रात्री कोट्यवधी घरांत पोहोचली.

त्याच आठवड्यात बाकूच्या रस्त्यांवर विरोधकांनी निदर्शने करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पोलिसांनी ती पांगविली व अनेकांना ताब्यात घेतले. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. स्पर्धेसाठी येणारी पथके व वार्ताहर यांच्या सुरक्षिततेची आणि अभिव्यक्तीची हमी संयोजकांनी यजमान सरकारकडून घेतली होती. म्हणजे परदेशी पाहुण्याला बोलण्याची मुभा होती. त्याच शहरात जन्मलेल्या माणसाला ती नव्हती. हमी पाहुण्यांपुरती होती, आणि पाहुण्यांच्या मुक्कामापुरती होती.

दिवे मालवल्यावर

या कथेचा खरा धडा २०१२ मध्ये नाही, २०१४ मध्ये आहे. तोवर कॅमेरे दुसऱ्या शहरांत गेले होते. जुलै २०१४ च्या अखेरीस लेयला युनुस यांना अटक झाली आणि काही दिवसांनी त्यांचे पती आरिफ युनुस यांनाही. २ ऑगस्ट रोजी रसूल जाफरोव तुरुंगात गेले. २०१५ च्या जूनमध्ये बाकूत पहिल्या युरोपीय क्रीडास्पर्धा व्हावयाच्या होत्या, आणि त्या निमित्ताने हक्कांची नवी मोहीम उभारण्याच्या तयारीत ते होते. त्याच महिन्यात वकील इंतिगाम अलियेव आणि डिसेंबरमध्ये खदिजा इस्माइलोवा यांची पाळी आली. आरोप बोलण्याचे वा लिहिण्याचे नव्हते. ते करचुकवेगिरीचे आणि बेकायदा व्यवसायाचे होते. युनुस दांपत्यावर तर देशद्रोहाचाही आरोप ठेवला होता. जाफरोव यांना साडेसहा वर्षांची, तर इस्माइलोवा यांना साडेसात वर्षांची शिक्षा झाली. ज्या वर्षी ही धरपकड झाली, त्याच वर्षी मे ते नोव्हेंबर या काळात युरोप परिषदेच्या मंत्रिसमितीचे अध्यक्षपद अझरबैजानकडे होते. मानवी हक्कांचे रक्षण हेच त्या परिषदेचे मुख्य काम आहे.

पुढे मार्च २०१६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जाफरोव यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यांना गप्प करणे व त्यांच्या कार्याबद्दल शिक्षा करणे हाच अटकेचा खरा हेतू होता, असे न्यायालयाने म्हटले. त्याच महिन्यात त्यांची सुटका झाली. मे २०१६ मध्ये इस्माइलोवा सुटल्या. एप्रिल २०२० मध्ये अझरबैजानच्याच सर्वोच्च न्यायालयाने जाफरोव यांना निर्दोष ठरविले.

वाचकांनी हा क्रम पुन्हा एकदा पाहावा. सोहळ्याच्या रात्री उच्चारलेली दोन वाक्ये मोलाची होती, पण त्यांनी कोणालाही तुरुंगापासून वाचविले नाही. वाचविले ते वर्षानुवर्षे चाललेल्या अर्जांनी, वकिलांनी, नोंदी ठेवणाऱ्यांनी आणि एका न्यायालयाने. तेही फार उशिरा.

आपल्या देशातील एक पत्र

परक्या देशाकडे बोट दाखविणे सोपे असते. म्हणून आता आपल्या घरी येऊ.

१९ नोव्हेंबर १९८२ रोजी दिल्लीत नववे आशियाई खेळ सुरू झाले. आपल्या ज्येष्ठ वाचकांना ते स्मरत असतील. त्याच वर्षी आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले आणि अनेकांनी ‘अप्पू’ हा हत्ती पडद्यावर पाहिला. या खेळांसाठी दिल्लीत उड्डाणपूल, क्रीडागारे, वसाहती अल्पावधीत उभ्या राहिल्या. त्या उभारणारे हजारो मजूर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा प्रांतांतून जमादारांनी आणले होते.

‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांकरवी या मजुरांच्या स्थितीची पाहणी करविली. रोजचे किमान वेतन ९ रुपये २५ पैसे होते. त्यातून १ रुपया जमादार आपले कमिशन म्हणून कापून घेत, म्हणजे हाती ८ रुपये २५ पैसे पडत. स्त्रियांना तर दिवसाला ७ रुपयेच मिळत. चौदा वर्षांखालील मुले बांधकामावर राबत होती. राहण्याची व औषधोपचाराची सोय कायद्याने सांगितली होती, प्रत्यक्षात ती नव्हती. संघटनेने हा अहवाल जोडून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना एक पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले.

खेळ सुरू होण्याच्या दोन महिने आधी, १८ सप्टेंबर १९८२ रोजी, न्यायमूर्ती भगवती व न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांनी निकाल दिला. संविधानाचा अनुच्छेद २३ वेठबिगार व तत्सम सक्तीच्या श्रमास मनाई करतो. सक्ती म्हणजे केवळ चाबूक वा साखळी नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. भूक आणि दारिद्र्य यांमुळे माणसापुढे दुसरा पर्यायच उरत नाही, तेव्हा तीही सक्तीच होय. म्हणून किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे सक्तीचे श्रम ठरते. काम ठेकेदारामार्फत चालते एवढ्याने सरकारची जबाबदारी संपत नाही. बांधकाम हे धोक्याचे काम असल्याने तेथे चौदा वर्षांखालील मुलांना अनुच्छेद २४ प्रमाणे राबविता येणार नाही.

‘बिगार’ हा शब्द संविधानात कोठून आला, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील गावोगावच्या वतनी कामांत आपल्या आज्यापणज्यांनी तो भोगला आहे. सरकारी पाहुणा गावात आला की त्याचे सामान वाहणे, त्याच्या घोड्याला चारा घालणे, त्याचा सांगावा पुढच्या गावी पोहोचविणे ही कामे हाक येताच करावी लागत. पाहुणचार गावाचा, श्रम मात्र एका वस्तीचे, अशी ती व्यवस्था होती. महार वतनाची ही जाचक रीत बदलावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे वेठबिगारीची मनाई संविधानाच्या मूलभूत हक्कांत लिहिली गेली. हक्क मोडल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा देणारा जो अनुच्छेद आज ३२ क्रमांकाने ओळखला जातो, त्याला बाबासाहेबांनी संविधान सभेत संविधानाचा आत्मा व हृदय म्हटले. दिल्लीतील त्या मजुरांचे पत्र न्यायालयात पोहोचले ते याच दाराने.

तथापि येथेही समाधान मानून थांबता येत नाही. २०१० साली दिल्लीतच राष्ट्रकुल खेळ झाले. तेव्हा मजुरांच्या वेतनाच्या व राहण्याच्या तक्रारी पुन्हा उच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि न्यायालयाने नेमलेल्या समितीला कामाच्या ठिकाणी गंभीर उणिवा आढळल्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा निकाल ग्रंथालयात होता, पण बांधकामाच्या जागेवर तो कोणी वाचून दाखविला नव्हता.

दोन प्रसंगांतून काय शिकावे

बाकू आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणी सोहळा थांबला नाही. तो थांबावा असे तेथील पीडितांनीही म्हटले नव्हते. बाकूचे कार्यकर्ते गाण्याच्या विरोधात नव्हते, दिल्लीचे मजूर खेळांच्या विरोधात नव्हते. आनंदाचा सोहळा हा मुळात दोष नाही. त्याचा खर्च कोणाच्या घरातून, कोणाच्या मजुरीतून आणि कोणाच्या मौनातून वसूल होतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

दोन्ही प्रसंगांत फरक मात्र एका गोष्टीचा होता. दिल्लीत तक्रार करणाऱ्याला जाण्यासाठी घरातच एक दार होते. पत्र लिहिणाऱ्यांना अटक झाली नाही, त्यांचे पत्र न्यायमूर्तींनी वाचले. बाकूत ते दार बंद होते, म्हणून तेथील लोकांना पाहुण्यांच्या कानांवर विसंबावे लागले, आणि पाहुणे गेल्यावर बोलण्याची किंमत मोजावी लागली. पाहुण्याची नजर ही उधारीची असते. घरातील दार ही आपली मालमत्ता असते. परंतु २०१० चा अनुभव सांगतो की दारही वापरात नसेल तर गंजते.

यावरून आम्हांला तीन कर्तव्ये दिसतात. पहिले प्रेक्षकाचे. एखादा भव्य सोहळा पाहताना, ही इमारत कोणी बांधली, येथे आधी कोण राहत होते आणि या देशात पत्रकार कोठे आहेत, असे तीन प्रश्न मनाशी विचारावेत. दुसरे कर्तव्य आमंत्रित पाहुण्याचे, मग तो कलावंत असो, खेळाडू असो वा एखाद्या शाळेत आलेला अधिकारी. त्याने यजमानाच्या स्वागतकक्षापलीकडे एकदा तरी डोकावून पाहावे. तिसरे व सर्वांत अवघड कर्तव्य मागे राहणाऱ्यांचे. नोंद ठेवणे, अर्ज करणे, पाठपुरावा करणे आणि सोहळ्यानंतरही जे बोलले त्यांच्या पाठीशी उभे राहणे. हे काम कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत आज वकील आहेत, शिक्षक आहेत, वार्ताहर आहेत, शासनात अधिकारी आहेत आणि बांधकामावरील कामगारही आहेत. हे कर्तव्य मुख्यतः त्यांना उद्देशून आहे.

पालकांनी आपल्या मुलांसमवेत चर्चा करावी म्हणून पुढील प्रश्न देत आहोत :

१. परदेशी पाहुण्यांना बोलण्याची हमी आणि स्वदेशी नागरिकांना बंदी, यात कोणते तत्त्व मोडले जाते?

२. बहिष्कार घालणे आणि जाऊन सत्य बोलणे, यांपैकी कोणता मार्ग तुम्ही निवडाल? कोणत्या परिस्थितीत दुसरा निवडाल?

३. भुकेपोटी कमी मजुरीत काम स्वीकारणाऱ्याला ‘त्याने राजीखुशीने स्वीकारले’ असे म्हणता येईल काय?

४. तुमच्या गावात गेल्या वर्षी झालेल्या एखाद्या मोठ्या समारंभाच्या आधी व नंतर काय बदलले? ते कोणाला विचारून कळेल?

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या त्या लहान मुलाकडे शेवटी परत येतो. ही स्मरणिका आपल्या हाती पडेल त्या दिवशीही भिंतींना चुना लागलेला असेल, अंगणात रांगोळी असेल आणि व्यासपीठावर सत्कार होतील. ते व्हावेतच. परंतु आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की समारंभ संपल्यावर एखादा साधा दिवस निवडावा, न कळवता वसतिगृहात यावे, मुलांच्या पंगतीत बसून जेवावे आणि त्यांना काय हवे, काय नको, ते विचारावे. त्या दिवशी वरण पातळ असेल, तर ते का पातळ आहे हे आम्ही न संकोचता सांगू. आणि जे मूल प्रथम बोलेल, त्याच्या बोलण्याबद्दल त्याला कोणी रागावणार नाही, याची हमी या संस्थेने पाहुणे गेल्यानंतरच्या सर्व दिवसांसाठी द्यावयाची आहे.